तासाभराच्या उपशावर विहिरीची पारख नको

संपादक महोदय,

तासभर पंप चालवून विहिरीचा पाझर ठरवणे फसवे आहे. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरभर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. सेकंदाला ५ लिटर उपसणाऱ्या पंपाला हा साठा काढायलाच दीड तास लागतो. तोवर खडकातून पाझरणाऱ्या पाण्याबद्दल फारसे कळत नाही. म्हणूनच पातळी उतरण्याच्या वेगावरून खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता काढणारे, बोअरवेलसाठीचे कूपर-जेकब सूत्र अशा विहिरीला थेट लावू नये. त्यात विहिरीतला साठा धरलेलाच नाही. १९६७ची पापाडोपुलोस-कूपर पद्धत तो धरते.

पंप बंद केल्यावर पातळी कशी चढते, हेही मोजावे: पहिली १० मिनिटे दर मिनिटाला, तासापर्यंत दर ५ मिनिटांनी, पुढे अर्ध्या तासाने. विजेचा दाब हलला की उपसा बदलतो; चढत्या पातळीला त्याचा त्रास कमी. उपशाचा दर २०० लिटरच्या पिंपाने, घड्याळ लावून अधूनमधून तपासावा. उपसलेले पाणी पाइपने लांब सोडावे. जवळच्या चारीत सोडले तर ते झिरपून परत येते आणि खडक उगाच उदार भासतो. शेजारच्या विहिरी आदल्या रात्रीपासून बंद हव्यात. ऐन रब्बीत हे शेजाऱ्यांना पटवणे मात्र सूत्रांपेक्षा अवघड.

– एक भूजल अभ्यासक, पुणे