बटलर खोटं बोलत नाही

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मेघना,

परवा फोनवर तू हसलीस. "पन्नाशी आली तरी चित्रांची पुस्तकं वाचतेस, तीही भुताखेतांची!" दारात गॅसवाला उभा होता म्हणून उत्तर राहून गेलं. ते आता सविस्तर देते.

लेकीच्या कपाटातून मी उचललेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ती याना तोबोसोची 'कुरोशित्सुजी', इंग्रजीत 'ब्लॅक बटलर'. जपानी मासिकात २००६ पासून क्रमशः येते आहे. काळ १८८८-८९, स्थळ व्हिक्टोरिया राणीचं इंग्लंड. बारा-तेरा वर्षांचा पोरका इंग्रज उमराव, अर्ल सिएल, राणीसाठी आडवळणाच्या प्रकरणांचा छडा लावतो, आणि त्याचा बटलर सेबॅस्टियन हा साक्षात सैतान. सिएलचा सूड पुरा होईपर्यंत चाकरी, मग पोराचा आत्मा त्याचा, असा करार.

सैतान हाताशी असल्यावर रहस्य उरतंच कुठे, असं तू म्हणशील. पण लेखिकेची खुबी तिथेच आहे. बटलर धन्याशी खोटं बोलत नाही. मात्र विचारलं तेवढंच सांगतो. प्रश्न जरा तिरपा पडला की उत्तर खरं मिळतं आणि तपास भलतीकडे जातो. म्हणून त्याचं एकेक वाक्य मी मागे जाऊन परत वाचते.

जॅक द रिपरचं प्रकरण घे. १८८८ च्या ३१ ऑगस्टपासून ९ नोव्हेंबरपर्यंत लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पडलेले पाच बायकांचे खून सहसा एकाच हातचे मानतात. जॅक द रिपर हे त्या मारेकऱ्याला पडलेलं नाव; तो कधीच सापडला नाही. पुढे संशयितांत नाव आलं ते माँटेग्यू ड्रुइटचं; त्याचं प्रेत त्याच डिसेंबरात थेम्समध्ये मिळालं होतं. आणि या मांगात एक छचोर सरदार आहे, ड्रुइटचा व्हायकाउंट! इतिहास ठाऊक असलेल्याचं बोट लगेच तिकडे वळतं. ते वळावं म्हणूनच ते नाव ठेवलं असणार. पुढचं सांगत नाही. एवढंच म्हणते, की इतिहासानं ती फाइल उघडी सोडली म्हणून सैतानाला आत यायला जागा मिळाली. उलगडलेल्या खुनात कुणी भूत घुसवलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

मृत्युदूत तर खासच. चष्मे लावलेले, ओव्हरटाइमला वैतागलेले कारकून. मेलेल्याचं अख्खं आयुष्य ते फितीसारखं उलगडून बघतात; चित्रगुप्ताच्या वहीवर कुणी सिनेमा काढला तर असाच दिसेल. त्यातल्या एकाच्या हातात चेनसॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी करवत आहे. १८८८ मध्ये! असो.

आपले लोकही येतात बरं का. भारतातून परतलेल्या इंग्रजांना कोणीतरी नागवं करून उलटं टांगतंय, असं ते प्रकरण आहे. त्यात बंगालचा राजपुत्र सोमा आणि त्याचा खानसामा अग्नी भेटतात. बंगाल तेव्हा थेट इंग्रज सरकारकडे होता, मग बंगालचा राजपुत्र कुठून येणार? पण लेखिकेला त्याचं काही नाही. वर लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहातल्या करीच्या स्पर्धेत सेबॅस्टियन करी भरलेला तळलेला पाव करतो, जो मुळात विसाव्या शतकातला जपानी पदार्थ. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. पण गंमत पुढे आहे. अग्नीची ताकद बघून हाही कोणी राक्षसच, असं वाटू लागतं. सैतानच सांगतो, नाही, हा निव्वळ माणूस आहे. ही ताकद श्रद्धेची, आणि ती आमच्यात नसते. भुताखेतांच्या गोष्टीत सगळ्यात अचाट काम माणसाकडून करून घेणं मला फार आवडलं.

पहिला खंड तुला बाळबोध वाटेल, कंटाळू नकोस. रिपर दुसऱ्यात सुरू होऊन तिसऱ्यात संपतो, म्हणून तिन्ही एकदम पाठवते आहे. उजवीकडून डावीकडे वाच, नाहीतर खुनी आधीच भेटेल. आणि चहाचा कप लांब ठेव, पुस्तकं लेकीची आहेत.

तुझी,
शमा