माझ्या तारा निघाल्या, आता आईच्या दाढा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "अशी अडखळत काहून बोलून राहिली?" तेव्हा मी बसमध्ये होते, नीट सांगता आलं नाही. ताप नाही, तोंडही आलं नाही. दातांच्या तारा निघाल्या आणि त्या जागी प्लास्टिकचा पातळ रिटेनर बसवलाय. तो घातला की 'स' आणि 'च' घसरतात, लाळ जास्त सुटते. काही दिवस मोठ्यानं वाचलं की जीभ सरावते, म्हणून रोज रात्री खोलीवर पेपर मोठ्यानं वाचते.

तारा निघाल्या तेव्हा आनंदापेक्षा नवलच जास्त वाटलं. आरशात दात एवढे मोठे दिसले, की हे माझेच का असं झालं. जीभ सारखी तिथंच जाते. इतके दिवस टोचणारं लोखंड होतं, आता धुतलेल्या चिनी मातीच्या बशीवरून बोट फिरवावं तसं बुळबुळीत लागतं. ओठ आत गेल्यासारखे वाटतात. हिरड्या थोड्या फुगल्यात, गार पाणी लागलं की कळ जाते. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडला तर दात हलल्याचा भास झाला आणि मी घाबरलेच. पण डॉक्टर म्हणाल्या, हे होतंच आणि ओसरतंही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक धाग्यांनी धरलेला असतो. त्या धाग्यांना नवी जागा धरायला काही महिने लागतात, हिरडीतल्या काहींना तर वर्षही. तोवर दात मोकळे सोडले की जुन्या जागेकडे सरकतात. म्हणून जेवताना आणि ब्रश करताना सोडून रिटेनर दिवसरात्र घालायचा, पुढे फक्त रात्री. खालच्या दातांना आतून एक बारीक तार चिकटवली आहे, ती बरीच वर्षं राहील. बाहेरून दिसत नाही, कोणी विचारलं तर सांगायचीही गरज नाही.

बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत, पण वावरातली मोटर जळाली त्याच वर्षी मी तारा लावल्या, हे माझ्या मनातून जात नाही. तरी तो खर्च नटण्यासाठी नव्हता. दातावर दात चढलेला, मध्ये ब्रश पोचत नव्हता, हिरडीतून रक्त यायचं. तसंच ठेवलं असतं तर पुढं दात जायची भीती होती. पैसे माझ्या पगारातून हप्त्यानं फेडले आणि शेवटचा हप्ता गेला. हे सगळं तुम्हाला पटावं असं फार वाटतं.

आणि माझ्या खाण्याची काळजी सोडा. मेसवाल्या काकू ज्वारीची भाकर देतात, वरून जवसाची चटणी. आई, गेल्या संक्रांतीला तू माझ्यासाठी लाडू न वळता तीळगूळ खलबत्त्यात कुटून वाटीत चमच्यासकट दिला होतास. सगळे लाडू फोडत होते आणि मी मोठी नोकरीवाली बाई तुझ्याजवळ बसून चमच्यानं खात होते. दुधाचा दात पडला की तुझ्या पदराला धरून तो उंदराच्या बिळात टाकायला जायची, तेवढीच झाले होते मी तेव्हा. यंदा लाडूच कर, पण मऊ पाकाचे.

आता माझं ऐका. आई, तुझ्या खालच्या दोन दाढा काढल्यापासून तू एकाच बाजूनं चावतेस, मी पाहते. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, वरची दाढ खाली उतरते. माझे दात सरकतात तसे तुझेही सरकतात, फक्त तुझ्यासाठी रिटेनर नाही, तिथं दातच बसवावे लागतात. म्हणून मी ठरवलंय, पुढचा खर्च तुझ्या दातांचा. कापूस वेचणीचं निमित्त सांगू नका, एका दिवसानं काही अडत नाही. येत्या गुरुवारी सावंगी मेघेच्या शरद पवार दंत महाविद्यालयात जायचं. देवळीवरून वर्ध्याच्या एसटीत बसलात की वर्ध्याच्या आधीच सावंगी लागते. मी नागपूरवरून सकाळीच तिथं येते.

बाबा, तुमचंही तोंड दाखवायचं. रागावू नका. उन्हातान्हात खर्र्यानं तुम्हाला तरतरी येते, हे मला कळतं. पण खर्र्यातल्या सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. तुमची 3 बोटं उभी तोंडात जातात का, आज रात्रीच पाहा. तिखट लागल्यावर जळजळ होते असं तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, तेही डॉक्टरांना सांगायचं. किती पुड्या होतात ते खरं सांगा, त्या दिवशी मी त्यावरून एक शब्द बोलणार नाही.

आई, उपाशीपोटी निघू नकोस. चहा-भाकर खा, बीपीची गोळी घे आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत टाक. आधार कार्ड दोघांचं. बाबांनी बंद चप्पल घालावी, आणि पावणेसातच्या गाडीनं या, म्हणजे नंबर लवकर लागेल. निघाल्यावर मला मिसकॉल द्या.

तुमची,
ताई