प्रत्येक विरोधक ट्रोल नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कुणी जरा वेगळं मत मांडलं की लोक 'ट्रोल आहे हा', म्हणजे मुद्दाम चिडवायला आलेला, म्हणून मोकळे होतात, पण विरोध करणारा प्रत्येक जण ट्रोल नसतो हो. इंटरनेटवर हा शब्द 1990 च्या दशकात युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चा-मंचावरच्या चर्चांमधून रुळला आणि मासेमारीत चालत्या होडीमागे आमिष सोडतात त्यालाही इंग्रजीत ट्रोलिंगच म्हणतात, त्यावरून काय ते समजा. मागे मी लसीकरणाबद्दल चार ओळी लिहिल्या तर एकाने विचारलं पुरावा काय, दिला, मग म्हणे हा नको दुसरा, तोही दिला, तर गडी थेट माझ्या शुद्धलेखनावर घसरला आणि वर 'एवढं चिडायला काय झालं' आणि हसरी इमोजी! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, याला उत्तर नकोच होतं, माझा पारा चढलेला बघायचा होता. खरा वाद घालणारा निदान एखादा मुद्दा तरी मान्य करतो. धमक्या आल्या तर मात्र हसण्यावारी नेऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करा. बाकीच्यांना मी आता म्यूट करतो, म्हणजे त्यांचं लिहिलेलं मला दिसत नाही आणि त्यांना ते कळतही नाही, ब्लॉक केलं की तेच मिरवत बसतात.

– एक वाचक