आधी माणूस ठरवा, मग लॅब की जर्मन शेफर्ड

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपल्या की कुत्र्यांच्या पिल्लांचा बाजार तेजीत येतो. मुलांना कबूल केलेलं पिल्लू सुट्टीत आणायचं असतं, आणि बहुतेक घरांतला वाद दोनच नावांवर येऊन ठेपतो: लॅब्राडोर की जर्मन शेफर्ड. निकाल लागतो तो रंगावर, रुबाबावर किंवा समोरच्या विंगेत काय आहे त्यावर. जूनमध्ये शाळा उघडतात आणि तेच पिल्लू रोज आठ-नऊ तास बंद फ्लॅटमध्ये एकटं राहू लागतं. दिवाळीच्या आगेमागे ‘कुणाला हवं असेल तर सांगा’ असे फोन सुरू होतात. मी पशुवैद्यक आहे; दवाखान्यात या दोन जातींबद्दल रोज जे सांगावं लागतं, ते पिल्लू आणण्याआधी वाचकांपुढे यावं, म्हणून हे पत्र.

माझं मत आधीच सांगतो. घरातली एक प्रौढ व्यक्ती रोज दोन तास, तेही पहिली दोन वर्षं न चुकता देणार असेल, तरच जर्मन शेफर्ड. तसं माणूस नसेल तर लॅब. आणि सकाळ-संध्याकाळ मिळून तासभरही जमणार नसेल, तर दोन्ही नको. ‘मुलगा फिरवून आणेल’ हे उत्तर धरू नका. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात तीस किलोचा कुत्रा देऊन रस्त्यावर पाठवणं धोक्याचं आहे, आणि दहावीचं वर्ष लागलं की तो मुलगा तसाही उपलब्ध नसतो.

दोघांच्या स्वभावाचं मूळ त्यांच्या जुन्या कामात आहे. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडचे. ब्रिटनमध्ये त्यांना गोळी लागलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायला तयार केलं गेलं. म्हणून लॅबचं सगळं जग तोंडात असतं: चप्पल, रिमोट, मोजा, पाहुण्याचा हात. जर्मन शेफर्डची जात १८९९ पासून माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने बांधली, ती मेंढ्यांच्या कळपाभोवती फिरून कोण बाजूला सरकतंय यावर नजर ठेवण्यासाठी. आजही तो तेच करतो, फक्त कळप म्हणजे आपलं कुटुंब आणि कुंपण म्हणजे फ्लॅटचा दरवाजा. पळणाऱ्या मुलांच्या टाचांना तो तोंड लावतो तेव्हा बहुतेकदा तो चावत नसतो, वळवत असतो. पण शेजारच्या मुलाच्या आईला हा फरक समजावणं अवघड जातं.

‘पोलीस वापरतात म्हणजे राखणीला शेफर्डच’ हा युक्तिवाद नेहमीचा. पोलिसांच्या श्वानपथकात लॅबही असतात. १९९३ च्या स्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांकडे स्फोटकं हुडकणारा ‘झंजीर’ लॅबच होता. पथकातल्या कुत्र्याला स्वतःचा हँडलर असतो आणि त्याचं रोजचं कामच त्या कुत्र्याला घडवणं हे असतं. घरच्या शेफर्डला हे मिळालं नाही की त्याची सावधगिरी भीतीत बदलते, आणि घाबरलेला शेफर्ड हाच चावणारा शेफर्ड असतो.

घरात वृद्ध माणसं असतील तर लोक चावण्याचीच चिंता करतात. माझ्या मते त्याहून मोठा धोका उडीचा आहे. दीड वर्षाचा लॅब प्रेमाने आजींच्या अंगावर झेपावतो आणि खुब्याचं हाड मोडतं. पिल्लूपणी पुढचे पाय अंगावर ठेवले की सगळ्यांना गोड वाटतं. तोच कुत्रा वर्षभरात अंगाने मोठा होतो, सवय तीच राहते. पहिल्या दिवसापासून नियम एकच: चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की पाठ फिरवायची. ढकलायचं नाही, कारण लॅबला ढकलणं म्हणजे खेळ वाटतो. आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. एकट्या काकांनी ‘असू दे रे’ म्हणत उडी चालवून घेतली, तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

शेफर्डच्या बाबतीत खरी परीक्षा दाराच्या बेलची. कामवाल्या मावशी, दूधवाला, सिलिंडरवाला, कुरिअर, दिवसातून आठ-दहा वेळा बेल वाजते. ही सवय अशी लावा. दारापासून सात-आठ फुटांवर एक जुनी सतरंजी टाका. आधी बेलशिवायच त्याला तिथे बसायला शिकवा; खाऊ सतरंजीवर ठेवायचा, हातातून द्यायचा नाही, म्हणजे लक्ष जागेवर राहतं. ते पक्कं झालं की मोबाइलवर रेकॉर्ड केलेली बेल अगदी हळू आवाजात वाजवा आणि लगेच सतरंजीवर खाऊ. आवाज थोडा थोडा वाढवत न्या. मग घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची, आणि सगळ्यात शेवटी अनोळखी माणूस. बिघडतं ते घाईमुळे: तिसऱ्याच दिवशी खऱ्या पाहुण्यावर प्रयोग होतो, कुत्रा भुंकतो, मालक पट्टा खेचून ओरडतो. पाहुणा आला की आपला गळा आवळला जातो, एवढंच कुत्रा त्यातून शिकतो.

यासाठी वयही महत्त्वाचं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, ते पुढे त्याला साधं वाटतं. नेमकी हीच लसीकरणाची वेळ. सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची. तोवर त्याला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडू नका, पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा पार्वो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण उचलून घेऊन फिरवा: रिक्षा, शाळेचं फाटक, भाजी मंडई, दुरून ढोल-ताशाचा सराव. लॅबच्या पिल्लात यात थोडी हयगय खपून जाते. शेफर्डमध्ये खपत नाही.

आता खाण्याकडे वळतो, कारण लॅबचं आयुष्य इथेच वाढतं किंवा घटतं. साधारण दर चार लॅबपैकी एकात भूक आवरणाऱ्या जनुकाचा तुकडा गहाळ असतो, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. अशा कुत्र्याचं पोट भरतं, पण भरल्याचं त्याला पुरेसं जाणवत नाही. म्हणजे तो केविलवाणा बघतो ते नाटक नसतं. तरी द्यायचं नाही. ३० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ लॅबला दिवसाला १४०० कॅलरी पुरतात. १०० ग्रॅमला ३५० कॅलरी देणारं कोरडं खाद्य असेल तर दिवसाचे ४०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून, आणि काट्यावर मोजून. ‘दोन वाट्या’ हे माप चालत नाही, प्रत्येक घरची वाटी वेगळी. तेल लावलेली एक पोळी जवळपास १०० कॅलरींची. आजींनी सकाळी अर्धी, आजोबांनी दुपारी एक आणि मुलाने रात्री टेबलाखालून एक दिली, की झाल्या अडीच पोळ्या. म्हणजे दिवसाच्या गरजेच्या १८ टक्के, तेही पूर्ण जेवणाच्या वर. हिशेबाने महिन्याला किलोभर वजन चढतं. उपाय सोपा आहे: सकाळीच त्याचे दाणे मोजून एका डब्यात काढा आणि दिवसभर ज्याला जे द्यायचं ते त्याच डब्यातून. अमेरिकेत ४८ लॅबवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात (२००२) चतुर्थांश कमी खाणारे कुत्रे जास्त खाणाऱ्या भावंडांपेक्षा सुमारे दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. इतका फरक पाडणारं औषध माझ्या पाहण्यात नाही.

बरगड्यांवरून बोटं फिरवा. न दाबता एकेक बरगडी हाताला लागली पाहिजे, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. लॅबमध्ये कंबर दिसेनाशी झाली की लोक ‘बांधा चांगला झाला’ म्हणतात. तो लठ्ठ झालेला असतो.

शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसणाची आमटी दोघांनाही वर्ज्य. बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले तर, याचा भरवसा नाही. लॅबच्या घरात आणखी दोन वस्तू सांभाळा: मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दांडा. दोन्ही तो गिळतो, दोन्ही आतड्यात अडकतात आणि साध्या एक्स-रेत नीट दिसत नाहीत. सारख्या उलट्या होत असतील तर आदल्या दिवशी घरात आंबे खाल्ले होते का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. ऑपरेशनचा निर्णय त्यावर लवकर होतो.

शेफर्डच्या पोटाचं दुखणं वेगळं. छाती खोल असल्याने गॅसने फुगलेलं पोट पीळ खाऊ शकतं. कुत्रा अस्वस्थ फिरतो, ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ताणलेलं लागतं. तेव्हा जिरं-ओव्याचं पाणी पाजत सकाळची वाट पाहू नका. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जातो. रात्री एकदाच भरपेट जेवण देण्याची पद्धत या जातीत बंद करावी, दोन वेळा द्यावं आणि जेवणानंतर तासभर धावपळ नको. दुसरं म्हणजे, भरपूर खाऊनही वाळत जाणारा, फिकट आणि ढीगभर शी करणारा तरुण शेफर्ड. त्याला पुन्हा पुन्हा जंताचं औषध दिलं जातं. खरं तर स्वादुपिंड पाचकरस कमी करत असतं. टीएलआय नावाच्या रक्तचाचणीत ते कळतं आणि जेवणात पाचकाची पूड मिसळून तो अनेक वर्षं चांगला जगतो.

खुब्याच्या सांध्याचा दोष दोन्ही जातींत आहे. तो बराचसा आनुवंशिक, पण आपली घरं त्यात भर घालतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात; त्याच्या वावरण्याच्या वाटेवर रबरी पायपुसणी किंवा जुन्या चटया अंथरा. कॅल्शियमचं सिरप बंद करा. शेफर्डचे कान उभे राहावेत, हाड ‘दणकट’ व्हावं म्हणून ते बाटल्याच्या बाटल्या पाजलं जातं. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी बनवलेल्या खाद्यात ते पुरेसं असतं आणि पहिले सहा महिने जादा कॅल्शियम आतड्यात अडवण्याची क्षमता पिल्लात नसते. परिणामी हाडं वाकडी होतात. कान दात येताना वर-खाली होतात, पाच-सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. नसबंदीही शेफर्डमध्ये वर्षाच्या आत करू नये, सांध्यांचे विकार वाढतात. लॅबमध्ये हा फरक कमी आहे. नेमका महिना डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

पिल्लू घेताना ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’ हे शब्द कानावर पडतील आणि त्यांचे वेगळे पैसे लावले जातील. डबल बोन असं काही नसतं. डबल कोट, म्हणजे केसांचा दुहेरी थर, प्रत्येक लॅबला आणि प्रत्येक शेफर्डला असतोच. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: पिल्लाची आई पाहायला मिळावी, आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे असावेत आणि पिल्लू आठ आठवड्यांचं असावं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. वयाची थाप दातांवरून पकडता येते: आठ आठवड्यांत दुधाचे २८ दात आलेले असतात. मागच्या दाढा पुरत्या वर आल्या नसतील तर पिल्लू पाचेक आठवड्यांचंच आहे. आई माणसं पाहून कोपऱ्यात दबते किंवा अंगावर येते, तर शेफर्डचं ते पिल्लू घेऊ नका, कागदपत्रं कितीही चोख असोत. ‘आई गावाला असते’ असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

केस दोघांचेही गळतात, शेफर्डचे जास्त. उन्हाळ्यात ते भादरू नका, त्वचा भाजते. पावसाळ्यात गोचिडांचं औषध वजनाप्रमाणे वेळेवर द्या आणि भिंतींच्या फटीही साफ करा, कारण गोचिडी अंडी तिथे घालते. गोचिडांच्या तापात लॅबचा एक फायदा होतो: लॅबने एका वेळचं जेवण नाकारलं की समजावं काहीतरी बिनसलंय, त्याच दिवशी रक्त तपासावं. शेफर्ड तसाही खाण्यात चोखंदळ, त्यामुळे तिथे हिरड्यांचा फिकटपणा आणि ताप पाहावा लागतो. गोचीड-खरजेवर दिलं जाणारं इव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका. काही शेफर्डमध्ये ते मेंदूपर्यंत पोचतं.

राहिला सोसायटीचा प्रश्न. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालण्याचा किंवा लिफ्ट नाकारण्याचा अधिकार सोसायटीला नाही, पण महापालिकेचा परवाना, रेबीजचा दाखला आणि शी उचलण्याची पिशवी आपल्याकडे असली पाहिजे.

ज्यांना पिल्लूपणाची दोन वर्षं झेपणार नाहीत, त्यांनी निवाऱ्यांमध्ये चौकशी करावी. सोडून दिलेले दोन-तीन वर्षांचे लॅब आणि शेफर्ड तिथे असतात. त्यांची उंची, भूक, भुंकणं, मुलांशी वागणं सगळं समोर दिसतं. घरी आणण्याआधी वेगवेगळ्या दिवशी दोनदा तासभर फिरवून आणा, एकदा मुलांसह. खुब्यांचा एक्स-रे आणि गोचिडांच्या तापाची रक्तचाचणी दत्तकपत्रावर सही करण्यापूर्वीच करून घ्या.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे