'आठ कोअर' म्हणजे नेमके काय, हे करारात लिहा

संपादक महोदय,

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, नाशिक शहरातील पतसंस्था आणि करसल्लागारांची कार्यालये अलीकडे स्वतःचा सर्व्हर घेण्याऐवजी भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर (पुरवठादाराच्या मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने तयार केलेल्या आभासी संगणकावर) काम करू लागली आहेत. हा बदल योग्यच आहे. मात्र कोटेशनमध्ये 'आठ कोअर' (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ घेणाऱ्याला, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही, नीट ठाऊक नसतो. अशी यंत्रणा सांभाळणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने हे पत्र लिहीत आहे.

व्हर्च्युअल मशीनला मिळतो तो व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर; तो म्हणजे प्रोसेसरचा संपूर्ण कोअर असेलच असे नाही. इंटेलने २००२ मध्ये आणलेल्या हायपर-थ्रेडिंगमुळे एक कोअर दोन थ्रेड (कामाचे दोन प्रवाह) म्हणून दिसतो, पण गणित करणारे भाग आणि सर्वांत जवळची कॅश मेमरी दोघांत सामाईकच राहते. एकाच लेथवर दोन कारागीर नेमावेत, एक माप घेत असताना दुसऱ्याने यंत्र चालवावे, तसा हा प्रकार आहे: यंत्र रिकामे राहत नाही, पण लेथ काही दोन होत नाहीत. हे तंत्र आणताना खुद्द इंटेलनेही फायदा ३० टक्क्यांपर्यंतच सांगितला होता. अशी मशीन भाड्याने देणाऱ्या अमेझॉनच्या बहुतेक इंटेल सर्व्हरवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड असतो, तर त्यांच्याच ग्रॅव्हिटॉन प्रोसेसरवर तो पूर्ण कोअर असतो, आणि ही माहिती ती कंपनी उघडपणे देते. आपल्याकडील स्थानिक कोटेशनमध्ये ती मला क्वचितच दिसते.

त्यापुढचा प्रश्न वाटणीचा. ३२ थ्रेडच्या सर्व्हरवर १०० व्हीसीपीयू विकले, तर कोणाला केव्हा धावू द्यायचे हे हायपरव्हायझरचा (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) शेड्युलर, म्हणजे वेळ वाटून देणारा भाग, ठरवतो. यात लबाडी नाही, कारण सगळी मशीन एकाच वेळी कामात नसतात हे गृहीत सहसा खरे ठरते. नाशिकमध्ये मात्र एकाच पुरवठादाराचे बहुतेक ग्राहक एकाच तऱ्हेचे असतात. ११ तारखेला सर्वांचे जीएसटीआर-१ हे जीएसटीचे विवरणपत्र, २० तारखेला सर्वांचे ३बी हे दुसरे विवरणपत्र आणि मार्चअखेरीस सर्वांचाच ताळेबंद, अशा वेळी ते गृहीतच कोसळते आणि प्रत्येक व्हीसीपीयू रांगेत उभा राहतो.

ही रांग मोजता येते, आणि ती मोजावीच असा माझा आग्रह आहे. केव्हीएम किंवा झेन या हायपरव्हायझरवरील लिनक्स मशीनमध्ये 'टॉप' ही आज्ञा दिली की प्रोसेसरच्या ओळीत सर्वांत शेवटी 'st', म्हणजे 'स्टील', हा आकडा दिसतो. आपले काम तयार असूनही प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, तो हा वेळ. व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरव्हायझरवर हीच गोष्ट पुरवठादाराच्या बाजूला 'रेडी टाइम' म्हणून दिसते. तिथल्या ताज्या आलेखावर दर २० सेकंदांचा हिशोब मिलिसेकंदांत येतो, म्हणजे एका व्हीसीपीयूसाठी १००० हा आकडा ५ टक्के प्रतीक्षा दाखवतो. ग्राहकाने मागितल्याशिवाय हा आलेख सहसा कोणी दाखवत नाही.

तक्रार केली की उत्तर ठरलेले असते: आठाचे सोळा व्हीसीपीयू घ्या. गर्दीच्या सर्व्हरवर याने काम उलट मंदावू शकते. व्हीएमवेअरचा शेड्युलर एका मशीनचे व्हीसीपीयू एकमेकांपासून फार मागेपुढे जाऊ देत नाही. एखाद्याला जागा न मिळाल्याने तो मागे पडला, तर पुढे गेलेल्यांना थांबवले जाते. ज्या लेखा प्रणालीचे मुख्य काम एकाच थ्रेडवर चालते, तिला जादा आठ व्हीसीपीयूंचा उपयोग तर नसतोच.

सुरक्षेचाही मुद्दा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या इंटेल प्रोसेसरमधील एल१टीएफ या त्रुटीने दाखवून दिले की एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर दोन परके ग्राहक बसवले, तर एकाची माहिती दुसऱ्याला वाचता येण्याचा धोका असतो. त्यानंतर विंडोज सर्व्हर २०१९ च्या हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरमध्ये पूर्ण कोअर एका वेळी एकाच मशीनला देणारा शेड्युलर मूळ निवड म्हणून आला; लिनक्समध्ये तशी सोय २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत आली. पतसंस्थांनी तरी आपल्या पुरवठादाराकडे ही सोय चालू आहे का, हे लेखी विचारले पाहिजे.

माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक करारात व्हीसीपीयू म्हणजे कोअर की थ्रेड, एका थ्रेडवर जास्तीत जास्त किती व्हीसीपीयू विकले जातील, आणि प्रतीक्षेचा आकडा किती टक्क्यांपुढे गेल्यास भाड्यात सूट मिळेल, हे स्पष्ट असावे. एकट्या दहा माणसांच्या कारखान्याला पुरवठादाराकडून हे लिहून घेणे जड जाते. म्हणून निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी अशा कराराचा मराठी नमुना तयार करून सभासदांना द्यावा, आणि तो पुढच्या मार्चअखेरीच्या आत हाती यावा, अशी त्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, इंदिरानगर, नाशिक