दादा, पहिलं अक्षर आता ऐकू येतं

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानलेच होते, तरी हे पत्र जाहीर लिहितोय. तुम्ही केलेली मदत माझ्यापुरती राहू नये असं मनापासून वाटतं. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळतो.

मला दिसत नाही. लिनक्स डेस्कटॉपवर ओर्का हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो; तो जे बोलतो तोच माझा पडदा. आवाज गेला की इतरांचं गाणं थांबतं, माझं सगळं कामच थांबतं. शिवाय आवाज दुरुस्त करायच्या सेटिंग्जही त्याच आवाजातून वाचायच्या असतात. हा पेच ज्यांना ज्यांना सांगितला त्यांनी ‘सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल कर’ एवढंच सुचवलं. तुम्ही मात्र विचारलंत, “आवाज नक्की कुठवर पोचतोय, ते आधी बघू या?”

त्या एका प्रश्नानं माझ्या मनात सगळी वाट उभी राहिली. ओर्का मजकूर स्पीच डिस्पॅचरला देतो, तो ईस्पीकसारख्या इंजिनाकडून बोलणं तयार करून घेतो, ते जातं पाइपवायर या साउंड सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज हाताळणाऱ्याकडे, तिथून कर्नलमधल्या (सिस्टिमच्या गाभ्यातल्या) अल्सा या आवाजाच्या ड्रायव्हरांकडे आणि शेवटी साउंड कार्डाकडे. कुठलं उपकरण डीफॉल्ट, कोणाचा आवाज कुठे जोडायचा, हे ठरवतो पाइपवायरचा जोडीदार वायरप्लंबर. इतकी वर्षं मी ‘आवाज गेला’ एवढंच म्हणत होतो. कुठे गेला, असं विचारता येतं हे मला तुमच्यामुळे कळलं.

मग मी मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि तुम्ही माझे डोळे झालात. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडलं. आधी साउंड कार्डांची यादी देणारी ‘एप्ले -एल’ ही कमांड. कार्ड यादीत होतं, म्हणजे कर्नलपर्यंत सगळं ठीक. मग वायरप्लंबरकडची सगळी उपकरणं दाखवणारी ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’. तुम्ही एकेक ओळ सावकाश वाचत गेलात आणि सिंकच्या, म्हणजे आवाज बाहेर काढणाऱ्या उपकरणांच्या, यादीपाशी थांबलात. डीफॉल्टची चांदणी एचडीएमआयच्या ओळीपुढे होती. नवा मॉनिटर जोडला होता, त्याला स्पीकरच नाहीत, आणि ओर्का बिचारा सगळा वेळ त्या मॉनिटरशी बोलत बसला होता! तुम्ही माझ्या स्पीकरचा आकडा सांगितलात, मी ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट’च्या पुढे तो टाइप करून एंटर दाबलं आणि खोलीत आवाज परत आला. तेव्हा मला काय वाटलं ते इथे लिहायला जमणार नाही.

तिथे फोन ठेवला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही विचारलंत, “आणखी काही खुपतंय का?” खुपत तर होतंच, आणि मी ते नशीब म्हणून सोडून दिलं होतं. थोडा वेळ काही केलं नाही की ओर्काच्या पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं जायचं. ‘अपूर्ण’ऐवजी ‘पूर्ण’, ‘अमान्य’ऐवजी ‘मान्य’. फॉर्म भरताना याचा अर्थ काय होतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तुम्ही लगेच कारण सांगितलंत: काही वाजत नसेल तर वायरप्लंबर ५ सेकंदांनी उपकरण झोपवतो आणि ते जागं होईपर्यंत सुरुवातीचा आवाज निसटतो. ‘सेशन डॉट सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ ही सेटिंग शून्य केली की झोपणं बंद. कर्नलमधल्या ड्रायव्हरचीही स्वतःची वीजबचत असते, एवढं करून भागलं नाही तर तिकडे बघू, हेही सांगून ठेवलंत. माझं भागलं.

तो बदल कुठे लिहायचा यावर तुम्ही किती जीव तोडून बोललात! सिस्टिमच्या यूएसआर-शेअर फोल्डरातल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही, अपडेट आलं की ती पुसली जाते. आपली छोटी फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये, ‘वायरप्लंबर’ फोल्डरातल्या ‘वायरप्लंबर डॉट कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरात ठेवायची. नियमात उपकरणाचं नाव लिहायचं, आकडा नाही, कारण आकडे बदलत राहतात. मला आधी कुणीतरी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एक फाइल दिली होती आणि ती काहीच करत नव्हती. वायरप्लंबर ०.५ पासून, म्हणजे २०२४ पासून, लुआतली जुनी कॉन्फिगरेशन वाचलीच जात नाही, हा खुलासाही तुमचाच. मग ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘यूजर’ हा पर्याय देऊन सेवा पुन्हा सुरू केली. सुडो, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लागला नाही याचं मला फार अप्रूप वाटलं. साउंड सर्व्हर चालतो तो आपल्याच लॉगिनमध्ये.

मला अजून एक हाव होती: कळ दाबल्याबरोबर अक्षर ऐकू यावं. ‘नको त्या भानगडीत पडू’ असं तुम्ही म्हणाला नाहीत, गणित मांडलंत. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने आणि एका वेळी १,०२४ म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद; २५६ केले तर ५ च्या आसपास. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’नं क्वांटम, म्हणजे एका वेळच्या नमुन्यांची ही संख्या, तात्पुरता २५६ वर नेऊन, शेजारी ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवून चुकांच्या रकान्यातला आकडा तुम्ही वाचत राहिलात. ब्राउझर उघडला की तो वाढायचा, आवाज तडतडायचा. ५१२ वर थांबलो, जवळपास ११ मिलिसेकंद. माझ्या कानाला फरक कळतो, आणि दिवसभर कळतो.

फेडोरा या लिनक्सनं २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरच्या जागी पाइपवायर आणला, विम टायमन्स यांनी तो सुरू केला, त्याची १.० आवृत्ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आली, हे सगळं मी नंतर वाचलं. त्या मंडळींचाही मी ऋणी आहे. पण ते सॉफ्टवेअर माझ्या टेबलापर्यंत आणून पोचवलंत तुम्ही, आणि तेही कीबोर्ड माझ्या हातातून एकदाही न काढता. दिसणारी माणसं मदतीला आली की सहसा “सरक जरा, मी करतो” म्हणतात. तुम्ही प्रत्येक कमांड मला टाइप करू दिलीत. म्हणून ती आज माझ्या बोटांत आहे.

तुमची ती छोटी फाइल, वर तुम्ही सांगितलेल्या कारणांच्या टिपा लिहून, ओर्का वापरणाऱ्या माझ्या दोन मित्रांना दिली आहे. एकाचं पहिलं अक्षर लगेच सुटलं. दुसऱ्याचं ब्लूटूथ हेडसेटवर माइक चालू केला की आवाज अजून बसका होतो. हेडसेटचं प्रोफाइल (आवाज देण्याची पद्धत) बदलतंय इथवर आम्ही दोघं पोचलोय. पुढचं रविवारी तुम्हाला विचारायला फोन करू, चालेल ना?

तुमचा,
ओर्काच्या आवाजावर काम करणारा धाकटा भाऊ