फ्रँकफर्ट ते हेलसिंकी: विमानाच्या उशिराची भरपाई चुकीच्या अंतरावर मागितल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

महोदय,

१४ मे रोजी मी आणि माझे आईवडील असे तिघे आपल्या सहल कंपनीमार्फत काढलेल्या तिकिटांवर फ्रँकफर्टहून हेलसिंकीला गेलो. विमान सकाळी ९.४५ ला सुटायचे होते. तांत्रिक बिघाडामुळे ते १२.४० ला सुटले.

वडिलांना मधुमेह आहे. दशम्यांचा डबा मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात गेलेला. अकराच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा आईने पर्समधले दोन खजूर त्यांना दिले आणि मी आपल्या प्रतिनिधींना फोन केला. जेवणाची कूपन मिळतील का, एवढेच विचारले. उत्तर आले, "अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. तीन तास झाल्याशिवाय जेवण मिळत नाही." घरी आल्यावर मी युरोपीय संघाचा विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीचा २६१/२००४ हा नियम वाचला. त्यात खरोखर तसेच आहे. १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांनी खाणेपिणे, संघातल्या त्याहून लांबच्या उड्डाणाला तीन तासांनी. त्या उत्तराबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. हेलसिंकीला पोचायची वेळ दुपारी १.१० होती आणि विमानाचे दार उघडले ४.१७ ला. पोचण्याची वेळ दार उघडल्यापासून धरतात, असा युरोपीय न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. म्हणजे उशीर तीन तासांच्या वर, ३ तास ७ मिनिटांचा झाला, आणि म्हणून भरपाई लागू झाली. आपण आमच्या वतीने दावा केला, पण माणशी २५० युरोचा. कारण विचारल्यावर आपल्या कार्यालयाने लिहिले, "प्रवास अडीच तासांच्या आतला आहे, त्यामुळे तो १५०० किलोमीटरच्या आत येतो."

फोनवर जे अंतर दीड हजाराच्या वर होते, ते दाव्यात दीड हजाराच्या आत कसे आले?

प्रवासाच्या वेळेवरून अंतर ठरत नाही. नियमाच्या सातव्या कलमात ते बृहद्वृत्ताने, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाने मोजायचे असे स्पष्ट म्हटले आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब केला. अंतर सुमारे १५४० किलोमीटर येते. वेळ मात्र वाऱ्यावर, धावपट्टीकडे जाताना लागणाऱ्या रांगेवर कमीजास्त होते. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर ३ तास २५ मिनिटे येतात, कारण हेलसिंकीचे घड्याळ फ्रँकफर्टच्या एक तास पुढे आहे. अशा आकड्यावरून लोकांचे हक्क ठरवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संघातल्या १५०० किलोमीटरहून लांबच्या उड्डाणाला माणशी ४०० युरो आहेत. तिघांचे १२०० व्हायला हवे होते, आले ७५०.

उरलेल्या ४५० युरोंसाठी आपण विमान कंपनीकडे सुधारित दावा करावा आणि त्याची प्रत मला पंधरा दिवसांत पाठवावी. चुकीचा दावा आपल्या कार्यालयाने केला आहे. विमान कंपनीने नकार दिला तर ही रक्कम आपण भरून द्यावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्याकडून सहलीला जाणाऱ्यांत माझ्या वडिलांच्या वयाचे पुष्कळ लोक असतात. त्यांचे जुने दावेही एकदा तपासून पाहावेत.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत: तिघांचे बोर्डिंग पास, आपल्या कार्यालयाचा ईमेल, दार उघडले तेव्हाचा वेळेसह फोटो.